आसरा आहे, कायदा नाही

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली पॅसेंजर गाडी रुकडी यायच्या आधी एका लहानशा स्टेशनावर थांबते. पाटीवर नाव आहे वळिवडे. इथे उतरणारे बहुतेक लोक गांधीनगरच्या घाऊक कापडबाजारात जाणारे असतात. लग्नाचा बस्ता, दुकानाचा माल, दिवाळीची खरेदी असली, की दक्षिण महाराष्ट्रातली माणसे इथे येतात. ज्या जमिनीवर हा बाजार उभा आहे, तिने पाच-सहा वर्षांच्या अंतराने निर्वासितांच्या दोन वेगवेगळ्या समूहांना पोटात घेतले, हे मात्र त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असते.

पहिले आले पोलंडचे लोक. सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो माणसे उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. तिथून सुटलेली कुटुंबे इराणमार्गे भारतात पोहोचली. जामनगरजवळच्या बालाचडीत तिथले संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्यात १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत उभी राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती, नाटके होत होती. १९४८ पर्यंत हे लोक इथून निघून गेले आणि रिकाम्या झालेल्या त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबे राहायला आली. त्यांनी वसवलेली वस्ती म्हणजे आजचे गांधीनगर.

कोल्हापूरच्या या आठवणीचे एक स्मारक वॉर्सात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पोलंड दौऱ्यावर गेलेल्या पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथे फुले वाहिली. भारत संकटात सापडलेल्यांना आसरा देतो ही देशाची जगातली ओळख आहे, आणि तिच्यामागे खरा इतिहास आहे. हा इतिहास असलेल्या देशात निर्वासितांसाठी कायदा मात्र आजही नाही. निर्वासित कोणाला म्हणायचे, त्याने अर्ज कुठे करायचा, निर्णय कोणी द्यायचा, निर्णय विरुद्ध गेला तर दाद कुठे मागायची, यातले काहीही संसदेच्या कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही.

युरोपातल्या महायुद्धाच्या निर्वासितांसाठी जिनिव्हात १९५१ चा निर्वासित करार तयार झाला. त्या परिषदेला २६ देश हजर होते. भारत त्यांत नव्हता, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे होते. फाळणीने दीड कोटीच्या आसपास माणसांना घरातून उठवले होते. कराराची मूळ व्याख्या मात्र १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती होती आणि तिचा रोख युरोपवर होता. आपल्या दारातल्या कोट्यवधींबद्दल त्या कागदात काहीच नव्हते. पुढे १९६७ च्या पूरक कराराने काळाची आणि प्रदेशाची अट काढून टाकली, तरी भारताने सही केली नाही. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि भूतान यांनीही केली नाही. दक्षिण आशियातल्या सीमा सच्छिद्र आहेत, शेजारच्या प्रत्येक भांडणाची माणसे आपल्याकडे येतात, श्रीमंत देश त्या ओझ्यातला वाटा उचलत नाहीत, आणि कोणाला निर्वासित म्हटले की शेजाऱ्याशी संबंध बिघडतात, असे दिल्लीचे म्हणणे राहिले आहे. यातला ओझ्याचा मुद्दा तर सरळ खरा आहे. जगातले ७० टक्क्यांहून अधिक निर्वासित आजही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. एकट्या बांगलादेशाने कॉक्स बझारच्या टेकड्यांवर म्यानमारमधून आलेल्या दहा लाखांहून अधिक रोहिंग्यांना जागा दिली आहे.

सही केली नाही म्हणजे बांधिलकीच मानली नाही, असेही झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीवर भारत १९९५ पासून आहे. त्या उच्चायुक्तालयाचे दिल्लीतले काम १९८१ पासून चालू आहे. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, बालहक्कांचा करार १९९२ मध्ये. निर्वासितांची जबाबदारी जगाने वाटून घ्यावी असे सांगणारा जागतिक करारनामा डिसेंबर २०१८ मध्ये आमसभेपुढे आला, तेव्हा अमेरिका आणि हंगेरीने विरोधात मत दिले आणि भारताने बाजूने दिले. जगाच्या व्यासपीठावर सरकार ही जबाबदारी मान्य करते. प्रश्न उठतो तो देशात, एखादे कुटुंब पोलीस ठाण्यात किंवा बँकेच्या खिडकीसमोर उभे राहते तेव्हा.

सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. सिंधी निर्वासितांसाठी कल्याणजवळची लष्करी छावणी मोकळी करून दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि त्याचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतो. त्या काळी केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र खाते होते. १९५४ मध्ये विस्थापितांना भरपाई देण्याचा कायदा संसदेने केला. घटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची वाट आधीच आखून दिली होती. छावणीतल्या माणसाच्या हाती कागद आला, कागदामुळे दुकानाचा गाळा मिळाला, कर्ज मिळाले, मुलांना शाळा मिळाली. एका पिढीत त्या बराकींचे शहर झाले. त्या लोकांचे कष्ट तर होतेच, पण त्या कष्टांच्या पाठीशी कायदा उभा होता.

१९७१ ची गोष्ट तर आजही थक्क करते. पूर्व पाकिस्तानातल्या लष्करी अत्याचारांमुळे काही महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून आली. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख होती, आणि तिथे चौदा लाखांच्या आसपास निर्वासित आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून, पिंपांना नळ लावून, ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातात दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. जुलाब झालेल्या मुलाला आज खेड्यातली आईसुद्धा क्षारसंजीवनी देते. ती इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा सिद्ध झाली ती निर्वासितांच्या छावणीत.

या खर्चातला वाटा देशातल्या प्रत्येक पत्राने उचलला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचे निर्वासित-मदतीचे तिकीट लावणे सक्तीचे झाले. घाई एवढी होती, की सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘निर्वासित मदत’ अशा अर्थाची अक्षरे छापून भागवले गेले. मागाहून निर्वासित कुटुंबाचे चित्र असलेले वेगळे तिकीट निघाले. हे तिकीट १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चालू होते. जुन्या पत्रांची पेटी ज्यांच्या माळ्यावर आहे, त्यांनी ती उघडून पाहावी. एखाद्या अंतर्देशीय पत्राच्या कोपऱ्यात ते तिकीट अजून सापडेल. निर्वासितांसाठी सामान्य माणसाकडून थेट पैसा घेतला गेला आणि लोकांनी तो कुरकुर न करता दिला, असा हा काळ. बांगलादेश स्वतंत्र होताच, १९७२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक निर्वासित परत गेले.

पण १९७१ च्या त्या मोठेपणातूनही कायदा उभा राहिला नाही. संकट आले की आदेश काढायचा आणि संकट ओसरले की फाइल बंद करायची, ही पद्धत पडली. म्हणून आज भारतात निर्वासितांच्या निरनिराळ्या रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेचा नियम वेगळा आहे.

तिबेटींची रांग त्यातल्या त्यात सुस्थितीत आहे. ३१ मार्च १९५९ रोजी दलाई लामा तवांगच्या बाजूने भारतात आले. नेहरू सरकारने चीनची नाराजी पत्करून त्यांना आसरा दिला आणि त्यांच्यामागून आलेल्यांसाठी वसाहती वसवल्या. सर्वांत मोठी कर्नाटकात बैलकुप्पे इथे आहे. महाराष्ट्रातली वसाहत गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. नोर्गेलिंग हे तिचे नाव, आणि ती १९७२ मध्ये वसली. धानाच्या शेतांच्या मुलखात, नवेगावच्या जंगलापासून जवळच, प्रार्थनेच्या रंगीत पताका वाऱ्यावर फडफडताना दिसतात. थंडी सुरू झाली की राज्यातल्या अनेक शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार भरतो. तो माल बहुतेक लुधियानाचा असतो, आणि दोन-तीन महिन्यांच्या त्या विक्रीवर कित्येक घरांचे वर्ष निघते. गिऱ्हाइकाशी मराठी-हिंदीत घासाघीस करणाऱ्या त्या स्वेटरवालीचा जन्म कदाचित भारतातलाच असेल. तरीही तिच्याजवळ परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचे पुस्तक असते. ते ठरावीक मुदतीने नवे करून घ्यावे लागते. परदेशी जायचे तर वेगळे ओळखपत्र लागते. केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणले, त्यातून वसाहतींच्या जमिनींच्या भाडेपट्ट्याला आणि सरकारी योजनांच्या लाभाला आधार मिळाला. पण धोरण म्हणजे कायदा नसतो. ते राबवायचे किती, हे शेवटी राज्याच्या मर्जीवर राहते.

श्रीलंकेतल्या तमिळांची रांग याहून अवघड आहे. जुलै १९८३ च्या दंगलींनंतर लाखो तमिळ माणसे होड्यांतून रामेश्वरमच्या किनाऱ्यावर उतरली. तमिळनाडूतल्या शंभरावर छावण्यांत आजही पन्नास हजारांहून अधिक लोक राहतात. छावणीत जन्मलेल्यांची आता मुले शाळेत जातात. राज्य सरकारने २०२१ मध्ये या छावण्यांना पुनर्वसन छावण्या म्हणायचे ठरवले आणि नवी घरे बांधायला घेतली, हे चांगले झाले. पण नागरिकत्वाचा प्रश्न केंद्राचा. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान हे तीन देश आणि सहा धर्म आहेत. श्रीलंका त्यात नाही, म्हणून तिथून आलेला हिंदू तमिळही त्यात बसत नाही. म्यानमार नाही. चीन नाही, म्हणून तिबेटी बौद्धही नाही. छळ झालेल्या माणसाला आसरा देणे हा हेतू असेल, तर त्याचा छळ झाला का, एवढेच विचारायला हवे. त्याचा देश आणि धर्म आधी विचारला गेला, तिथे या कायद्याची मोठी उणीव आहे.

अरुणाचलातल्या चकमा आणि हाजोंग लोकांची कहाणी धरणापासून सुरू होते. पूर्व पाकिस्तानातल्या कप्ताई धरणाने त्यांच्या जमिनी बुडवल्या, वर छळ सुरू झाला, आणि १९६४ पासून सरकारनेच त्यांना तेव्हाच्या नेफा प्रदेशात वसवले. पुढे स्थानिक संघटनांनी त्यांना निघून जाण्याच्या मुदती दिल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेला जीविताचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, तो नागरिक असो वा नसो, आणि त्याचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. निर्वासितांसाठी भारतात आजवर झालेली ही सर्वांत भक्कम गोष्ट म्हणावी लागेल. तिच्या आधारे १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने इराकी निर्वासितांच्या प्रकरणात, आणि मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारमधून आलेल्या सात जणांच्या प्रकरणात, आणखी एक पाऊल टाकले. ज्या देशात जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचे नाही, हे आंतरराष्ट्रीय तत्त्व एकविसाव्या कलमातच आहे, असे त्या न्यायालयांनी म्हटले.

सर्वोच्च न्यायालय मात्र अलीकडे त्या वाटेने गेलेले नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतल्या रोहिंग्यांची परतपाठवणी थांबवायला न्यायालयाने नकार दिला. एकविसावे कलम सर्वांना आहे, पण भारतात राहण्याचा हक्क फक्त नागरिकाला आहे, असे त्या आदेशात म्हटले आहे. कायद्याने ठरवून दिलेली पद्धत पाळूनच पाठवावे, एवढी अट घातली. मे २०२५ मध्ये शिक्षा भोगून झालेल्या एका श्रीलंकन तमिळाच्या प्रकरणात भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, अशी टिप्पणी सुनावणीत झाली. त्याच महिन्यात काही रोहिंग्यांना म्यानमारजवळ समुद्रात उतरवले गेल्याच्या बातम्या आल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाने त्याची चौकशी सुरू केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या बातम्यांवर विश्वास ठेवायला नाखुशी दाखवली. वेगवेगळी न्यायालये वेगवेगळी बोलतात याचे कारण न्यायमूर्तींच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. हाताशी कायदाच नसेल, तर प्रत्येक खंडपीठाला घटनेच्या एका ओळीतून सगळे उभे करावे लागते.

रोहिंग्या, अफगाण, सोमाली यांच्यासाठी उच्चायुक्तालयाचे कार्ड असते. दिल्लीतल्या कार्यालयात मुलाखती होतात, कधी वर्षानुवर्षे थांबावे लागते, मग ते कार्ड मिळते. त्या कार्डावर फोटो असतो, क्रमांक असतो. पण भारतीय कायद्यात त्याला काहीही किंमत नाही. त्यावर आधार मिळत नाही. आधार नसले की बँकेचे खाते, सिमकार्ड, भाड्याच्या घराचा करार अशी एकेक दारे बंद होत जातात. शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांचे प्रत्येक मूल आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही. तरीही रोहिंग्या मुलांना शाळेत घ्यावे यासाठी लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पुण्यानेही या प्रश्नाची एक बाजू पाहिली. तिथल्या महाविद्यालयांत अनेक वर्षे अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. भारताने तातडीचे ई-व्हिसा जाहीर केले आणि त्याच वेळी अफगाणांना आधी दिलेले, देशाबाहेर असलेल्यांचे व्हिसा रद्द केले. सुटीसाठी घरी गेलेली मुले तिकडेच अडकली, त्यांची पुस्तके आणि अर्धवट पदव्या इकडे राहिल्या.

फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधले चिन लोक तियाउ नदी ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागले. १० मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवले, की कोणालाही निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही, येणाऱ्यांना रोखा. आठ दिवसांनी मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना लिहिले, की ही माणसे आमच्या रक्ताची आहेत, आम्ही डोळेझाक करू शकत नाही. झोरामथंगा स्वतः मिझो बंडखोरीच्या काळात वर्षानुवर्षे देशाबाहेर आसऱ्याला राहिलेले. मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आसपास, पण चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावोगावच्या लोकांनी तांदूळ, भाजी, कपडे गोळा करून तीस हजारांहून अधिक लोकांना सांभाळले. मुले गावच्या शाळांत बसू लागली. या सगळ्याला कुठलाही कायदा नव्हता, होती फक्त माणुसकी. १९७१ मध्ये देश जे करू शकला, ते २०२१ मध्ये एका लहान राज्याला दिल्लीच्या इच्छेविरुद्ध करावे लागले.

सही केलेले देशही वचन पाळतात असे नाही, हा आक्षेप खरा आहे. ऑस्ट्रेलियाने होडीतून आलेल्यांना नौरू बेटावर कोंडले. ब्रिटनने लोकांना रवांडात पाठवायची योजना आखली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना वसवण्याचा कार्यक्रमच थांबवला. पण ब्रिटनमधला फरक पाहण्यासारखा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रवांडा योजना बेकायदा ठरवली, कारण न्यायालयाच्या हाती लिखित कायदा होता. सुरक्षेच्या आक्षेपालाही उत्तर आहे. १९५१ च्या करारातच युद्धगुन्हेगारांना वगळले आहे आणि देशाला धोका असलेल्या माणसाचे संरक्षण काढून घेण्याची मुभा ठेवली आहे. नोंद, बोटांचे ठसे, मुलाखत, निर्णय, अपील अशी रीतसर व्यवस्था असली, की कोण आले आहे हे सरकारला कळते. व्यवस्था नसली, की माणसे अंधारात राहतात आणि सुरक्षा यंत्रणाही अंधारात राहते.

मसुदे नाहीत असेही नाही. निवृत्त सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकातच एक आदर्श कायदा तयार झाला होता. खासदार शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये खासगी विधेयक मांडले. २०१९ चे गृहमंत्रालयाचे आदेश निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची पद्धत सांगतात, पण ते आदेश बदलायला एक परिपत्रक पुरते. संसदेने परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे मोडीत काढून २०२५ मध्ये एकच नवा कायदा केला, तो १ सप्टेंबरपासून लागू झाला. निर्वासितांची व्याख्या त्यात घालता आली असती, ती घातलेली नाही. कोणाला सूट द्यायची ते सरकारी आदेशाने ठरते. नोंदणी झालेल्या, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या श्रीलंकन तमिळांना अशाच आदेशाने शिक्षेच्या तरतुदींतून सूट मिळाली. त्या घरांना तेवढा दिलासा नक्कीच आहे, पण आदेशाने दिलेले आदेशाने काढून घेता येते.

वळिवड्याचे पोलिश, उल्हासनगरचे सिंधी, चंद्रपूर-गडचिरोलीत वसवलेले पूर्व बंगालचे शेतकरी, गोंदियाचे तिबेटी, पुण्याचे अफगाण विद्यार्थी, इतक्या तऱ्हांची माणसे महाराष्ट्राने आपल्यात घेतली आहेत. म्हणून हा विषय लोकसभेत लावून धरण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या ४८ खासदारांना आहे, आणि ती त्यांची जबाबदारीही आहे. वाचकांनी आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे आणि निर्वासितांचा कायदा संसदेत कधी येणार, एवढे विचारावे.